बारा टक्के

सकाळी सहा चाळीसला लाइट गेली आणि सात मिनिटांनी आली. त्या सात मिनिटांत गिरिजा कोठावळेला काही वेगळं वाटलं नाही. ती कणीक मळत होती. पंखा परत फिरायला लागला, फ्रिज गुरगुरला, आणि मग बाहेरच्या खोलीतून पेटीची शिट्टी आली. एक लांब, दोन आखूड.

ही शिट्टी तिनं चौदा महिन्यांत ऐकली नव्हती.

ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली. टीव्हीशेजारच्या फळीवर पांढरा संगणक होता. घरात त्याला सगळे पेटी म्हणत. पेटी सुरू व्हायला बघत होती. पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटलं, त्याखाली निळी पट्टी सरकायला लागली. दहा टक्के, तीस, साठ. एक्क्याऐंशीवर पट्टी थबकली. आतला पंखा जोरात घोंगावला आणि पडदा काळा झाला. एक लांब, दोन आखूड. पट्टी पुन्हा शून्यापासून.

"काय गं, काय झालं?" दारात मल्लिनाथ उभा होता. नुकताच पूजा करून उठला होता, कपाळावरची विभूती अजून ओली होती.

"काही नाही. लाइट गेली होती ना. होतीय सुरू."

"होईल, होईल. तू घाबरू नकोस," तो म्हणाला. "चहा टाक. मी बघतो इथं."

त्याचा आवाज नेहमीसारखाच भारदस्त होता. गिरिजानं चहा टाकला, पण कान बाहेर होते. सव्वासातपर्यंत तिसऱ्यांदा शिट्टी झाली तेव्हा तिनं गॅस बंद केला आणि पेटीला जोडलेली बॅटरी ओढून पाहिली. बॅटरीचं पोट फुगून फाटलं होतं. लाइट गेल्यावर पेटीला सांभाळायचं तिचं एकच काम, आणि ती मेली होती. कधी, ते कुणाला कळलंच नव्हतं.

मल्लिनाथ बार्शीच्या एसटी स्टँडवर एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होता. परंडा, भूम, येडशी, वैरागमार्गे सोलापूर, असं तो माईकवर म्हणायला लागला की झोपलेली माणसं पिशव्या उचलून उभी राहायची. निवृत्तीच्या दुसऱ्या महिन्यात त्याला पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. सगळं समजायचं, जीभ हलायची, पण शब्द जिथं जुळतात ती मेंदूतली जागा मेली होती.

दोन वर्षं तो मुका राहिला. मग पुण्याला त्याच्या कवटीखाली रुपयाच्या नाण्याएवढी एक पातळ चकती बसवली. चकतीवर चार हजार बारीक तारांची टोकं होती. माणूस काही बोलायचं मनात आणतो तेव्हा मेंदूच्या चांगल्या भागातही एक हालचाल होते, पूल वाहून गेला तरी अलीकडच्या तीरावर गाड्या येऊन थांबतात ना, तशी. चकती ती हालचाल टिपायची. कुठल्या हालचालीचा कुठला शब्द, हे पेटी शिकायची. मग पेटी तो शब्द उलट चकतीकडं पाठवायची आणि चकती ओठ, जीभ, घसा हलवणाऱ्या भागाला हलके ठोके द्यायची. मेलेल्या जागेला वळसा. बोलायचा मल्लिनाथच, स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या आवाजात.

एवढं गणित डोक्याच्या आत करता येत नाही, कारण त्यानं मेंदू तापेल. म्हणून घरात पेटी. आणि नव्या कायद्यानं माणसाच्या मेंदूचा नमुना त्याच्या घराबाहेर कुठंही साठवायला बंदी होती, म्हणून कंपनीकडं नक्कल नाही. चार वर्षं जे शिकलं गेलं, ते जगात फक्त या फळीवर होतं. मल्लिनाथच्या गळ्यात इष्टलिंगाशेजारी काड्यापेटीएवढी एक डबी असायची. तिच्यात पेटीतल्या ज्ञानाचा अर्क असायचा. बाजारात, देवळात जाताना डबी नऊ तास निभवायची. पुढं मात्र ती पेटीला भेटलीच पाहिजे, नाहीतर स्वतःहून बंद पडते.

नऊ तास पावणेसातला सुरू झाले होते. म्हणजे पावणेचार.

बंद पडली तर काय, हेही पुण्याच्या डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वी सांगितलं होतं. मेंदूला आधाराची सवय लागली की आधार एकदम काढायचा नाही. झटके येतात. त्या वयात पहिलाच झटका शेवटचा ठरू शकतो.

गिरिजानं कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. वीस मिनिटं गाणं वाजलं. मग एक मुलगी आली.

"मी रुबिना तांबोळी बोलतेय. काय अडचण आहे, काकू?"

गिरिजानं सांगितलं. मुलीचा आवाज लगेच बदलला. "डबी किती वाजेपर्यंत आहे?"

"पावणेचार."

"मग मी फोन ठेवणार नाही. तुम्ही पण ठेवू नका. स्क्रू काढता येईल?"

"चाळीस वर्षं शिलाई मशीन उघडतेय मी."

"झालं तर मग."

पेटीची मागची वायर काढली. बटण तीस सेकंद दाबून धरलं, आतली उरलीसुरली वीज जावी म्हणून. झाकण उघडलं. फोनचा कॅमेरा आत धरला. रुबिनानं दाखवल्या त्या दोन हिरव्या पट्ट्या गिरिजानं कडेच्या खिट्ट्या दाबून अलगद ओढल्या. "ही पेटीची चालती आठवण," रुबिना म्हणाली. "कधीकधी धुळीनं नीट चिकटत नाही. घरात खोडरबर आहे?"

शिवणाच्या डब्यात होतं, खडूच्या खुणा पुसायचं. पट्ट्यांच्या सोनेरी कडा गिरिजानं रबरानं घासल्या, फुंकल्या, टक् आवाज येईपर्यंत परत दाबल्या. वायर लावली.

एक लांब, दोन आखूड. दहा, तीस, साठ. एक्क्याऐंशी. काळोख.

"दुसरी पट्टी एकटी लावून बघू," रुबिना म्हणाली. मग पहिली एकटी. मग डिस्कची वायर बदलली. प्रत्येक वेळी दहा मिनिटं जात आणि पट्टी एक्क्याऐंशीला येऊन मरत होती.

दहा वाजले. मल्लिनाथ जेवणाच्या टेबलाशी शांत बसला होता. गिरिजानं भाकरी वाढली.

"चटणी कुठली देऊ? शेंगाची का कारळ्याची?"

"तू देशील ती," तो हसून म्हणाला.

दानेश्वरीचा, म्हणजे त्यांच्या नाशिकच्या मुलीचा फोन मल्लिनाथच्या मोबाइलवर आला. गिरिजानं तिला सकाळीच कळवलं होतं. रुबिनाची लाइन चालू ठेवून तिनं हा फोन स्पीकरवर टाकला.

"अप्पा, बरे आहात ना?"

"मी एकदम बरा आहे. तू काळजी करू नकोस. तब्येत सांभाळ," मल्लिनाथ म्हणाला. मग तो थांबला. "आपली... ती..." त्यानं गिरिजाकडं पाहिलं. फोनकडं बोट केलं. त्याला मुलीचं नाव येत नव्हतं.

"दानेश्वरी," गिरिजा म्हणाली.

"हां. होईल, होईल. तू घाबरू नकोस," तो म्हणाला. आवाजात जरासुद्धा कंप नव्हता. पण डावा हात टेबलाची कड इतकी घट्ट धरून होता की नखं पांढरी पडली होती.

गिरिजा त्या हाताकडं बघत राहिली.

अकरा वाजता रुबिनाला वाट सापडली. गिरिजानं माळ्यावरून जुना कीबोर्ड काढून पेटीला जोडला. शिट्टी होताच एक कळ दाबून धरली. पेटी अर्धवट उघडली. चिन्ह नाही, पट्टी नाही, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. गिरिजानं कॅमेरा धरला. रुबिना एकेक ओळ वाचत राहिली.

"पेटी बिघडलेली नाहीये, काकू," ती शेवटी म्हणाली.

"मग?"

"पेटीत एक पहारेकरी घड्याळ असतं. दहा मिनिटांत सगळं ज्ञान वर आलं नाही तर ते समजतं की पेटी अडकली, आणि परत सुरू करतं. तुमच्या पेटीतलं ज्ञान इतकं फुगलंय की दहा मिनिटांत वर येतच नाही. चौदा महिन्यांपूर्वी येत होतं. तेव्हापासून पेटी एकदाही बंद झाली नाही, म्हणून कळलं नाही."

"मग घड्याळ वाढवा."

"त्याला कुलूप आहे. वरून मंजुरी लागते. तीन दिवस. मोठ्या पट्ट्या घेऊन सोलापूरहून आमचा माणूस परवा येऊ शकतो."

"परवा?"

"थांबा, काकू. मला बघू द्या काय फुगलंय ते."

पडद्यावर ओळी सरकल्या. फोनमध्ये रुबिनाचा श्वास ऐकू येत होता.

"यात दोन भाग आहेत," ती सावकाश बोलायला लागली. "एक वाचक. तो काकांच्या मेंदूतून शब्द वाचतो. ते हळू काम आहे, एका शब्दाला सेकंदभर लागतो. म्हणून दुसरा भाग दिलाय, पूरक. काका एक-दोन शब्द मनात आणतात, पुढचं काय असेल ते पूरक ओळखतो आणि वाक्य पुरं करतो. म्हणजे बोलणं सलग वाटतं. पहिल्या वर्षी नव्वद टक्के शब्द वाचकाचे होते, दहा पूरकाचे."

"आणि आता?"

"बारा टक्के वाचकाचे."

गिरिजाला आधी कळलं नाही. मग कळलं, तशी ती खुर्चीत बसली.

"म्हणजे बाकीचं ते बोलत नाहीत?"

"तसं नाही, काकू. बहुतेक वेळा त्यांनाही तेच म्हणायचं असणार..."

"बहुतेक वेळा?"

रुबिना म्हणाली, "खोटं नाही सांगत. पूरक अर्ध्या सेकंदात बोलून मोकळा होतो. माणसाला 'नाही, मला हे म्हणायचं नव्हतं' असं वाटायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. वाटेपर्यंत वाक्य तोंडातून गेलेलं असतं. कुणी अडवलं नाही की पूरक समजतो, बरोबर ओळखलं. मेंदू पण दमतो, सोडून देतो."

"आणि हा पूरक बोलायला शिकला कुठून?"

"घरात जे ऐकू येतं त्यावरून." मग तिनंच विचारलं, "घरात जास्त कोण बोलतं?"

गिरिजाची बहीण निर्मला मार्चमध्ये गेली होती. त्या दिवशी मल्लिनाथ तिच्याजवळ बसून तासभर बोलला होता. किती समजुतीचं, किती मायेचं. लग्नाच्या अडतीस वर्षांत तो असं कधी बोलला नव्हता. आजारानं माणूस मऊ झाला, असं तिनं दानेश्वरीला सांगितलंही होतं. आता तिला त्यातली वाक्यं एकेक आठवायला लागली. 'जाणाऱ्याला मोकळं सोडावं.' 'तिचं सोनं झालं.' ही तिचीच वाक्यं होती. शेजारच्या घरी, नात्यात, फोनवर ती स्वतः लोकांना म्हणायची ती. तिच्याच दुःखावर कुणीतरी तिचेच शब्द घातले होते, नवऱ्याच्या तोंडातून.

टेबलाशी तो बसलेला होता. चेहरा ओळखीचा. ती चार वर्षं कुणाशी बोलत होती?

बारा वाजता डबीवरचा दिवा पिवळा झाला.

पुण्याच्या डॉक्टरांशी रुबिनानंच फोन जोडून दिला. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, आत्ता गाडीनं सोलापूरला न्यायचं, औषधानं दोन दिवस गाढ झोपवून ठेवायचं, परवा मोठ्या पट्ट्या आल्या की पेटी जशीच्या तशी सुरू करायची. झोपवण्यात जोखीम होती, पण आटोक्यातली. दुसरी वाट रुबिनाची. पूरक काढून टाकायचा. मग वाचक एकटा दहा मिनिटांत सहज वर येईल, चकतीला आधार मिळत राहील. पण गेल्या काही वर्षांत वाचकाकडं इतकं थोडं काम आलं होतं की त्याला कितपत वाचता येईल, आणि आधार असा अचानक हलका झाला तर मेंदू काय करेल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"काढलेला परत येईल?" गिरिजानं विचारलं.

"नाही. काढला की गेला," रुबिना म्हणाली.

दानेश्वरी दुसऱ्या फोनच्या व्हिडिओ कॉलवर रडायला लागली. "आई, तू वेडेपणा करू नकोस. सोलापूरला ने. मला माझे अप्पा जसे आहेत तसे पाहिजेत."

"कसे आहेत ते तुला तरी माहीत आहे का?"

"दर रविवारी बोलतात माझ्याशी! आधी कधी बोलायचे? लहानपणी मला त्यांचा आवाज फक्त स्टँडवरच ऐकू यायचा. आता कुठं विचारतात मला, जेवलीस का, दमलीस का. ते पण काढून घेणार का तू?"

'जेवलीस का, दमलीस का' हेही कुणाचे शब्द होते ते गिरिजाला माहीत होतं. तिनं ते मुलीला सांगितलं नाही.

"त्यांनाच विचारते," ती म्हणाली.

ती मल्लिनाथसमोर बसली. त्याचा डावा, चांगला हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला. सगळं सरळ, सोप्या शब्दांत सांगितलं. पेटीत काय आहे, बारा टक्के म्हणजे काय, सोलापूर म्हणजे काय. तो टक लावून ऐकत होता. "अहो, सांगा. तुमच्या मनात काय आहे? काढायचं का ठेवायचं?"

मल्लिनाथनं तोंड उघडलं.

"तू म्हणशील तसं," तो प्रेमळ आवाजात म्हणाला. "मला काही त्रास नाही. तू आहेस ना."

आणि त्याच वेळी त्याच्या हातानं तिची बोटं अशी आवळली की ती कळवळली.

"अहो?"

"होईल, होईल. तू घाबरू नकोस." तोंड हसत होतं. डोळे फाटले होते, त्यांत पाणी भरलं होतं. हात तिच्या हातातून सुटला आणि टेबलावर आपटला. एकदा, दोनदा. भाकरीचं ताट खाली पडलं. "मी एकदम बरा आहे," त्याचा आवाज म्हणाला. हात तिसऱ्यांदा आपटला.

गिरिजा उठून मागं सरकली. आयुष्यात इतकी ती कधी भ्यायली नव्हती, पक्षाघाताच्या दिवशीही नाही. तेव्हा एक माणूस समोर पडला होता. आज दोन होते, आणि एकाच अंगात.

फोनमधून दानेश्वरी ओरडत होती, "आई, काय झालं? अप्पा?"

"मी छान आहे. तब्येत सांभाळ," मल्लिनाथचं तोंड म्हणालं.

गिरिजाला एकच सुचलं. पूरकाची सत्ता जिभेवर होती, हातावर नव्हती. तिनं शिवणाचा खडू घेतला आणि काळ्या टेबलावर दोन मोठे गोल काढले. एकात लिहिलं, ठेवायचं. दुसऱ्यात, काढायचं. "बोलू नका," ती म्हणाली. "तोंड मिटून घ्या. हात ठेवा."

मल्लिनाथनं दातांनी ओठ दाबून धरला. त्यानं हात उचलला. मग तो 'काढायचं'वर पडला आणि खडू पुसून जाईस्तोवर तिथंच घासत राहिला.

"जीवाला धोका आहे. कळतंय ना तुम्हाला?"

हात हलला नाही.

"दिसलं का गं?" गिरिजानं फोनला विचारलं. दानेश्वरीनं कॅमेऱ्यातून पाहिलं होतं. ती फक्त हुंदके देत होती.

दीड वाजला होता. रुबिनानं सांगितलं तशी गिरिजानं एकेक अक्षर दाबत आज्ञा लिहिली. दोनदा चुकली, दोनदा पुसली. पडद्यावर प्रश्न आला: पूरक कायमचा काढायचा? शेवटची कळ दाबायला तिचं बोट पुढं होईना. मल्लिनाथ उठून तिच्या मागं आला होता. त्यानं तिच्या खांद्यावरून हात पुढं केला आणि कळ दाबली.

पुसायला अठ्ठावीस मिनिटं लागली. मल्लिनाथ दाताखाली ओठ धरून बसला, ओठावर रक्त आलं होतं.

मग शिट्टी. एक लांब, दोन आखूड. दहा, तीस, साठ. एक्क्याऐंशी. पंखा घोंगावला. गिरिजानं डोळे मिटून घेतले. फोनमधून रुबिनाचा आवाज आला, "ब्याऐंशी... काकू, बघा. पंच्याऐंशी."

पेटीवरचा दिवा हिरवा झाला.

आता डबी पेटीशी जुळवायची होती. गिरिजानं डबी पेटीवर टेकवली. रुबिना म्हणाली, "काकांना आडवं करा. कुशीवर. तोंडात काही नको." सतरंजीवर उशा टाकून तिनं त्याला निजवलं. डबीचा पिवळा दिवा विझला, हिरवा लागला. मल्लिनाथच्या डाव्या गालाची एक शीर उडायला लागली. मग पापणी. मग जबडा.

"गाल उडतोय," गिरिजा ओरडली. "रुबिना, गाल उडतोय त्यांचा!"

"हात-पाय?"

"नाही."

"वेळ मोजा. मोठ्यानं."

गिरिजानं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. एका हातानं तिनं त्याचं डोकं धरलं होतं. चाळीसला जबडा थांबला. सत्तरला पापणी. एकशे चारला गाल शांत झाला. ती मोजतच राहिली. दोनशेला रुबिना म्हणाली, "काकू, थांबलात तरी चालेल आता." तरी तिला थांबता येईना.

त्यानंतर तो त्या दिवशी एकच शब्द बोलला. सव्वातीनला तो उठून बसला, तोंड उघडून खूप वेळ तसाच राहिला. घसा हलत होता, कपाळावर घाम आला होता. "पा..." तो म्हणाला. "पा...टी." रागानं त्यानं मान हलवली. परत तोंड उघडलं. गिरिजाला कळलं होतं, पण रुबिनानं बजावलं होतं, तुम्ही पुरवू नका, वाचकाला शिकू द्या. तिनं साडीचा पदर मुठीत धरला. "पा...णी," मल्लिनाथ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दानेश्वरी नाशिकहून आली. आल्याआल्या वडिलांच्या गळ्यात पडली. तिसऱ्या दिवशी मोठ्या पट्ट्या घेऊन सोलापूरच्या माणसाबरोबर रुबिना स्वतः आली. गिरिजाला वाटलं होतं त्यापेक्षा ती बरीच लहान होती. तिनं सांगितलं की पेटीत आता जागा आहे, हवं असेल तर नवा पूरक शून्यापासून बसवता येईल. हळूहळू शिकेल.

"बसवा की, अप्पा," दानेश्वरी म्हणाली. "या वेळी आपण लक्ष ठेवू."

मल्लिनाथनं बराच वेळ लावला. सगळे थांबले.

"न...को," तो म्हणाला.

वडिलांनी चार वर्षांत आपल्याला एकदाही नाही म्हटलं नव्हतं, हे दानेश्वरीच्या तेव्हा लक्षात आलं. ती आत जाऊन रडली. पण जाताना तिनं त्याच्या लुळ्या हातावर डोकं टेकवलं, आणि त्यानं काहीच म्हटलं नाही. तिलाही काही ऐकायचं नव्हतं. रुबिनानं कंपनीला अहवाल पाठवला. दोन महिन्यांत राज्यातल्या सगळ्या पेट्या तपासायचं ठरलं. त्यांतल्या किती घरांत लोकांनी पूरक काढला आणि किती घरांनी ठेवला, ते गिरिजाला कळलं नाही. ठेवणाऱ्यांना तिनं नावं ठेवली नसती.

महिना गेला. वाचक रोज थोडं शिकत होता, मल्लिनाथही. दिवसाला वीस शब्द, मग तीस. चुकायचे जास्त. तो चिडायचा, भांडी ढकलायचा. ज्या माणसाबरोबर गिरिजानं संसार केला होता तो असाच चिडका होता, हे ती विसरून गेली होती. घर शांत झालं होतं. कधीकधी तिला ती मायेची वाक्यं आठवायची आणि त्यांची भूक लागायची, आणि मग त्या भुकेची लाज वाटायची.

एका संध्याकाळी दोघं ओट्यावर बसली होती. ऊन उतरलं होतं. गिरिजा ब्लाउजला हुक लावत होती. मल्लिनाथ बराच वेळ तोंड उघडून मिटत होता. तिनं सुई थांबवली.

"भी...ती," तो म्हणाला.

ती वाट बघत राहिली.

"वा...टाय...ची."

"कधी?"

त्याचा घसा वरखाली झाला. "रो...ज."

रोज. म्हणजे तो हसत होता तेव्हा, तब्येत सांभाळ म्हणत होता तेव्हा, निर्मला गेली त्या दिवशी तिच्या पाठीवरून हात फिरवत होता तेव्हा. आत कुणीतरी दारं वाजवत होतं आणि ती बाहेर बसून गोड शब्द ऐकत होती. तिच्या जिभेवर चार-पाच वाक्यं आली, लोकांना देऊन देऊन गुळगुळीत झालेली. तिनं ती गिळली.

"आणि आता?" तिनं विचारलं.

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. पलीकडच्या घरात कुणीतरी नळ सोडला आणि बंद केला. मल्लिनाथ शोधत होता. गिरिजानं घाई केली नाही.

"आ...ता," तो म्हणाला, "पण."

"मला पण," गिरिजा म्हणाली.